माहेरवाशिणींचा फेरफार

आमच्या घरात वंशावळ निघाली ती हौसेपोटी नव्हे, जातीच्या दाखल्यासाठी. २०२३ पासून निफाड तालुक्यात ज्याला त्याला आपला पणजोबा शोधायची घाई झालेली. कुणबी नोंद पाहिजे, ती १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची पाहिजे, आणि त्या नोंदीतल्या माणसापासून आजच्या पोरापर्यंत सांधा जुळवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर पाहिजे. माझ्या भाच्यासाठी भावानं ती तयार केली. खापरपणजोबांपासून भाच्यापर्यंत सगळं एका पानात मावलं, आणि त्या पानावर एकही बाई नव्हती. दाखल्याच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. जात बापाकडून धरतात, तर पुरावाही बापाकडचाच लागणार. मी भावाला म्हटलं, "अरे, यातला एक तरी बाईवाचून जन्मला असेल का?" तो म्हणाला, "ताई, तहसीलला त्याचं काय पडलंय?"

मग मी उलट्या बाजूनं निघाले. वंश नको, सोयरिकी बघू. कोण कुणाची लेक, कुठून आणली, कुठं दिली.

पहिला आधार रामकुंडावरचा. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल बाहेरच्यांना फार नवल वाटतं. आमच्याकडे दहाव्याला किंवा अस्थी घेऊन गेलेल्या प्रत्येकानं त्या पाहिलेल्या असतात. जात, गाव, आडनाव सांगायचं, की गुरुजी वही काढतात आणि तुमच्याच आजोबांचं अक्षर तुमच्यापुढं धरतात. आलेल्या यजमानानं बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहून द्यायची, ही रीत. त्यात बायकाही सापडतात, पण सासरच्या नावानं. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी यांना तीन पिढ्यांपर्यंत जागा आहे आणि आईच्या बापालाही आहे, हे मान्य केलं पाहिजे. कचेरीपेक्षा पिंडदान या बाबतीत उदार. तरी लग्नात नाव बदललेली बाई तिथं नव्याच नावानं येते, आणि ती आधी कोण होती हे विचारायचं कारण गुरुजींना कधी पडत नाही.

दुसरा आधार कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. दाखल्यापायी सगळा तालुका सध्या त्यावर ओणवा आहे. त्यात बापाचं नाव असतं, जात असते आणि पुढं मुलगा किंवा मुलगी एवढंच. बारसं व्हायच्या आधीची नोंद, तेव्हा नाव कुठून असणार? जातीला एवढं पुरतं. मला पुरत नव्हतं.

खरं घबाड घरातच होतं. आईच्या ट्रंकेत आहेराच्या वह्या निघाल्या. कुणी किती रुपये दिले, कुणी टोपी-टॉवेल केलं, कुणी भांडं दिलं आणि तो माणूस कुठल्या गावचा. पैसा परत फेडायचा असतो म्हणून ही वही जिवापाड जपतात, आणि त्या धास्तीनंच सोयऱ्यांची अख्खी यादी गावनिहाय शाबूत राहते. लग्नपत्रिका त्याहून बोलक्या. निफाडकडच्या पत्रिकेत वधूवरांची नावं शोधावी लागतात, इतकी बाकीच्यांची गर्दी. साखर कारखान्याचे आजी-माजी संचालक, बाजार समितीचे सभापती आणि त्यांच्या खाली बारीक टायपात मामा. पण ते मामाच महत्त्वाचे. मामाच्या आडनावानं आणि गावानं वराच्या आईचं माहेर उघडं पडतं. एवढी गोष्ट सरकारी कागदात शोधायला वर्ष जाईल.

वह्या आणि पत्रिका पुढ्यात मांडल्या तेव्हा आमच्या घराचा नकाशा दिसू लागला. लेकी दिल्या त्या बहुतेक गोदाकाठाला: सायखेडा, चांदोरी, कोठुरे. पाण्याकडं. सुना आणल्या त्या चांदवड आणि येवल्याकडच्या कोरडवाहू गावांतून. १९११ साली नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, पाटाचं पाणी फिरलं, पुढं ऊस आणि द्राक्ष आलं, आणि लेक द्यायची दिशा पाण्यामागून चालत राहिली. शिवाय मामाच्या घरची मुलगी करायची रीत. भाची आत्याच्या घरात सून म्हणून जाते. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधलं ठरवलं ते याच खुणेवरून: मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. त्यामुळं आमचा वंशवृक्ष काढायला घेतला की फांद्या परत खोडात घुसतात.

पण वह्या-पत्रिका दोन पिढ्यांच्या मागं जात नाहीत. तिथं उपयोगी पडला तो फेरफार. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी गाव नमुना सहामध्ये त्याची नोंद करतो. नाशिक जिल्ह्यातले जुने फेरफार आता ई-अभिलेखवर घरबसल्या बघता येतात. बाप गेला की वारसनोंद होते. मुलगे, विधवा आणि त्यांच्याखाली मुली, पण कशा? नाव, मग "भ्र." म्हणजे भ्रतार, मग नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव आणि "रा." करून गाव. एका ओळीत बाईची दोन्ही घरं. अशी ओळ मला दुसऱ्या कुठल्याच कागदात दिसली नाही. आणि मागोमाग दुसरा फेरफार: सदर बहिणींनी हक्कसोड लेख करून दिल्यानं त्यांची नावं कमी केली. म्हणजे जिला खात्यातून काढायचं तिचा पत्ता आधी नीट लिहिला जातो, आणि तिचा माग लागतो तो तेवढ्यावरच.

हेही १९५६ नंतरचं. हिंदू वारसा कायदा आला तेव्हापासून बापाच्या मिळकतीत लेकीचं नाव लागू लागलं. त्याआधी मुलगा असला की मुलीचा उल्लेख करायचं तलाठ्याला कारणच नव्हतं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये देशानं वडिलोपार्जितातही तिला मुलाच्या बरोबरीला आणलं. त्यासरशी द्राक्षबागांच्या गावांत हक्कसोडीला जोर आला, कारण एकरी भाव आता बहिणींच्याही कानावर असतात. मीही सही केलेली आहे. गाडी न्यायला आली, दुपारचं जेवण झालं, साडी मिळाली. मला त्याचं दुःख नाही आणि अभिमानही नाही. माहेराला जायची वाट मोकळी ठेवण्याची ती किंमत आहे, हे आमच्याकडच्या सगळ्या बायकांना कळतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

हे सगळं करताना मला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाकडच्या मेनोनाइट आणि ब्रेदरन या ख्रिस्ती पंथांच्या लोकांची आठवण होत राहिली. वंशावळीच्या नादात त्यांचा हात कुणी धरणार नाही. १६८३ मध्ये क्रेफेल्डहून आलेल्या कुटुंबांनी जर्मनटाउन वसवलं, त्यांत मेनोनाइट होते. ब्रेदरन पंथ १७०८ मध्ये श्वार्त्सेनाऊला आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन सुरू केला, आणि १७१९ मध्ये त्यांची पहिली तुकडी अमेरिकेला गेली. (याच ब्रेदरनांचं मिशन पुढं आपल्या डहाणूपर्यंत आलं.) दोन्ही पंथांना तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य नाही, जाणत्या माणसानं स्वतः कबूल करून घ्यायचा. इतर बहुतेक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही हीच जन्माची वही, यांच्याकडं ती नाहीच. मग वंशज काय बघतात, तर घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानावरच्या नोंदी, जमिनीची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं. आजीचं माहेरचं आडनाव अनेकदा सापडतं ते तिच्या बापाच्या मृत्युपत्रात, "माझी मुलगी, अमक्याची बायको" अशा एका ओळीत. सातासमुद्रापलीकडंही बाई सापडते ती जमीन वाटतानाच.

पुरुषांची ओळ सरळ असते असं मात्र कुणी समजू नये. आमच्या तालुक्यातल्या विंचूरचे सरदार विठ्ठल शिवदेव मूळचे सासवडचे दाणी. जहागीर मिळाली आणि घराणं विंचूरकर झालं. दाणी म्हणून शोधणाऱ्याला विंचूरकर सापडायचे नाहीत. पण पुरुषाचं आडनाव बदललं तर त्याची बखर होते.

आणि रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले, आणि निफाडकर ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. वडील इथं नोकरीला होते. माधवराव लहान असतानाच बिऱ्हाड कोल्हापूरला गेलं. पहिली पत्नी सखूबाई १८७३ मध्ये वारल्या, आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानं देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या यमुनेशी लग्न केलं. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, आणि ते लिहायला हवंच होतं. माझं लक्ष दुसरीकडं जातं. या जोडप्याला मूल राहिलं नाही. भावानं काढली तशी वंशावळ काढली तर माधवरावांचा चौकोन तिथंच बंद होतो. पण त्या घरात कोण होतं, सासरे कसे बोलत, विधवा नणंद दुर्गाबाई काय म्हणे, नाशिकला बदली झाल्यावर काय घडलं, हे सगळं आपल्याला कळतं, कारण यमुनेची रमाबाई झालेल्या त्या बाईनं १९१० मध्ये आपल्या आठवणी छापल्या. सखूबाईंचं नावही टिकलं ते नवरा मोठा म्हणून; नाहीतर अपत्याविना गेलेली पहिली बायको कुठल्या कागदावर राहते?

२६ जानेवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं याच कुणबी दाखल्यांसाठी सगेसोयऱ्यांच्या व्याख्येचा मसुदा काढला. बापाकडच्या मागच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जुळलेली नाती, असा त्याचा आशय. त्याचं राजकारण राजकारण्यांकडं राहू दे. मला गंमत वाटली ती अशी, की सोयरिकीचा पुरावा मागायला लागल्यावर तलाठ्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं आणि आमच्या चुलतीपाशी खूप होतं. तिला चार पिढ्यांतल्या लग्नांचे मांडव, मध्यस्थ आणि मोडलेली स्थळंसुद्धा तोंडपाठ. तिला प्रतिज्ञापत्र करायला कुणी बोलावलं नाही.

चुलतीलाही एक ठिकाण सांगता येईना. पणजोबांची पहिली बायको. रामकुंडाच्या वहीत तिचं नाव आहे, सासरचंच. मूल नाही, म्हणून वारस नाही. तिच्या माहेरचा फेरफार असलाच तर १९५६ च्या आधीचा, त्यात लेकी नसणार. त्या काळातली आहेराची वही आमच्याकडं नाही. चुलती म्हणते सायखेड्याची, तिची धाकटी जाऊ म्हणते चांदोरीची. मी माझ्या कागदावर दोन्ही गावं लिहून ठेवली आहेत. द्राक्षाची तोड उरकली, माणसं जरा मोकळी झाली, की दोन्हीकडं जाणार आहे. आधी चांदोरीला, तिथं आमच्या सोयऱ्यांतली एक नव्वदीची आजी अजून दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "तू कुणाची?" असं विचारते.