पाण्याला जागा ठेवून

वाईच्या गणपती घाटावर बसायची जागा ऋतू ठरवतो. चैत्रात कृष्णा आटून तळाला गेलेली असते, तेव्हा माणसं अगदी खाली उतरतात आणि पाण्यात पाय सोडून बसतात. आषाढात त्याच पायऱ्या बुडतात, बसणारे मुकाट्याने वर सरकतात. मोठा पूर आला तर सगळा घाटच नदीचा होतो. मग लोक वर रस्त्यावर छत्र्या धरून पाणी बघत उभे राहतात. नदीची अमुक एक पातळी खरी आणि बाकीच्या संकटाच्या, असं घाट बांधणाऱ्यांनी मानलं नाही. पाणी चढलेलं असो की उतरलेलं, त्याला लागून एक पायरी असतेच. चारचौघांनी एकत्र बसण्याच्या जागेची याहून सुरेख कल्पना मी कुठं पाहिलेली नाही.

त्या पायरीकडे जरा वाकून पाहावं. काळा पाषाण, पावलांनी मधोमध झिजून किंचित खोलगट झालेला. सर येऊन गेली की त्या खोलगटात ओंजळभर पाणी साठतं आणि चिमण्या त्यात पंख फडफडवून घेतात. दोन दगडांच्या सांध्यात शेवाळ, शेवाळात पिंपळाचं बोटभर रोप. पायरीची उंची अशी की उतरताना गुडघ्याला त्रास नाही आणि बसलं तर पाय नीट टेकतात. कुणी तिच्यावर धुणं आपटतं, कुणी पूजेचं तबक ठेवतं, पोरं तिथून सूर मारतात, रात्री कीर्तन असलं की श्रोते तिच्यावरच मांडी घालून बसतात. अमुक काम इथंच करा, असं तिनं कुणाला बजावलेलं नाही.

काठावरच ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. दर्शन घेऊन लोक पुढूनच परततात. मी मात्र नेहमी वळसा घालून मागं जातो. देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत टोकाला आली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर येतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंतीला सगळा मार छातीवर घ्यावा लागला असता. नदीतल्या पुलाच्या खांबांना टोक काढतात, त्यामागचं गणितही हेच. देऊळ पाण्यापासून लांब बांधता आलं असतं, किंवा मध्ये उंच तट घालता आला असता. रास्त्यांच्या कारागिरांनी तसं केलं नाही. पूर येणारच हे धरून त्यांनी भिंतीला आकार दिला, आणि त्यामुळेच देऊळ, नदी आणि माणसं इतकी जवळ राहू शकली.

माघापासून इथं कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. भीमकुंड, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी अशी एकेका आळीची पाळी येते आणि त्या त्या घाटावर मांडव पडतो. दिवस कोरडे, नदी शांत, पात्राकडची जागा मोकळी. कीर्तनं, प्रवचनं, जेवणावळी सगळं तिथंच. पावसाळ्यात जी जागा नदीनं वापरली, ती उन्हाळ्याच्या तोंडावर गाव वापरतं.

हे सगळं आठवताना एक गोष्ट मला सोडवत नाही. आपल्याकडचे पाणवठे सगळ्यांसाठी खुले नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह जावं लागलं. तळ्याच्या पायऱ्या दगडाच्याच होत्या, त्यांची बांधणी चांगली असेल. पण ज्यांना तिथं उतरू दिलं नाही, त्यांच्यासाठी ती बांधणी कसली? म्हणून जागा पाहताना मी पाण्याइतकंच प्रवेशाकडे पाहतो.

पणजीत कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमीची इमारत आखली. ती मला यासाठी फार आवडते. बसकी, आडवी इमारत. रस्त्याकडून शिरताना वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव, त्यातून जमिनीवर उन्हाचे पट्टे पडतात. या मांडवाखालून चालत गेलं की समोर नदी. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात नाटक रंगलेलं असतं, त्याला तिकीट लागतं. काठापर्यंत जायला मात्र नाटकवेडं असण्याचीही गरज नाही. इमारतीतून आरपार वाट काढावी आणि ती शहराला देऊन टाकावी, याला मोठं मन लागतं.

उलट आजचं आपलं नदीकाठ सुशोभीकरण बघवत नाही. उंच भिंत, वर स्टीलचं रेलिंग, मागं फरशी, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट. नदी दहा-पंधरा फूट खाली, नुसती बघायची. पात्र आवळल्यावर पुराचं पाणी चढतं ते पुढच्या वस्तीत.

आपल्या नकाशांवर पूररेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत भिंत नको, पायऱ्या हव्यात. त्याही सलग नकोत, मधूनमधून काठ मातीचाच राहू द्यावा, तिथं करंज, उंबर, वाळुंज लावावेत. वाळुंजाची मुळं काठाची माती धरून ठेवतात आणि पाण्यात उभं राहायची त्याला सवय असते. म्हाताऱ्या माणसांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी एक सौम्य उतार पाण्यापर्यंत न्यावा. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ साचेल, तो काढायला माणसं आणि फावडी लागतील. तो खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावा.