काळ्या मातीचा आकडा

जर्मनीत गुणांचा क्रम उलटा. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. ड्रेस्डेनला जलशास्त्राच्या पहिल्याच सत्राचा निकाल लागला आणि एका विषयापुढे ५.० उमटलं. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. मी कराडला घरी फोन केला नाही.

व्हिसासाठी तेव्हा ११,२०८ युरो आधीच एका खात्यात भरून दाखवावे लागत. त्यातून महिन्याला ९३४ युरोच काढता येत. पैसे आपले, पण कुलपातले. ते भरायला बाबांनी पीएफमधून उचल घेतली होती, उरलेलं बँकेचं कर्ज. त्यामुळे तो ५.० मला रुपयांतच दिसत होता. रात्री दिवा मालवून मी व्याजाचा हिशेब करत पडले होते.

निकालानंतर तिथे एक दिवस तपासलेला पेपर बघायला बोलावतात. त्याला 'आइनझिश्त' म्हणतात, म्हणजे आत डोकावणं. आपल्याकडेही पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पण तपासणारा समोर बसलेला नसतो. तिथे तो बसला होता. माझ्याच वयाचा संशोधक, समोर पेपरांचा गठ्ठा. मला वाटलं, सही करायची आणि निघायचं.

एका गणितावर लाल रेघ होती. पडलेल्या पावसातलं किती पाणी ओढ्याला मिळेल, हे काढायची एक अमेरिकी पद्धत आहे. जमिनीत जास्तीत जास्त जितकं पाणी साठू शकतं, त्याचा ०.२ हिस्सा सुरुवातीलाच अडतो, असं तीत धरतात. मी ०.१ धरला होता. चूक म्हणून गुण कापले होते.

कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हणाले, "आमच्याकडे काळ्या मातीला हाच आकडा घेतात. माती आधीच ओली असली तर."

"का?"

हा 'का' मला पदवीच्या चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. आकडा पुस्तकात होता, पाठ होता. पण माती मी पाहिली होती. उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या रानाला भेगा पडतात, त्यात हात जातो. सुरुवातीचा पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरूनच पळतं. मी कोपराला बोट लावून भेग केवढी ते दाखवलं. तो पुढे झुकून ऐकत होता.

"हे पेपरात का लिहिलं नाहीत?"

यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं दोन गुण वाढवले. ५.० चा ५.० च राहिला.

पुढे एका रविवारी मी बर्लिनला, डालेममधली एक इमारत पाहायला गेले. ती आता विद्यापीठाकडे आहे. इरावती कर्वे तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत शिकल्या. त्याही कर्ज काढूनच आल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर वंशांमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ मानणारे. कवट्यांच्या दोन बाजूंतला फरक मोजायचा आणि त्यात वंशांचा भेद दिसतो का ते पाहायचं, असं काम होतं. मोजमापांत तसा भेद दिसला नाही आणि बाईंनी तसंच लिहिलं. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध! मी त्या बंद दारासमोर बराच वेळ उभी होते. माझा ०.१ त्यापुढे काहीच नाही, तरी त्या दिवशी बाई मला फार जवळच्या वाटल्या.

फेरपरीक्षा मी उन्हाळ्यात दिली. प्रत्येक आकड्याखाली त्याचं कारण लिहिलं, वेळ अपुरा पडला, तरी सुटले.

पण बाबांना मी आइनझिश्तच्याच संध्याकाळी फोन केला होता. नापास झाले हे सांगितलं, दोन गुणांचंही सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"भेग केवढी म्हणून सांगितलंस?"

"कोपरापर्यंत."

"अगं, मे महिन्यात आपल्या खालच्या रानात अख्खा हात जातो. खांद्यापर्यंत. पुढच्या वेळी नीट सांग त्यांना."