मामांचा मरळ आणि जाळीचं माप

मैत्रिणींनो, आई गेली की माहेर संपतं म्हणतात. माझं संपलं नाही. ते बोरी अरबला मामांकडे गेलं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे पेपर तपासून झाले, घरचा फराळ डब्यांत भरून झाला, की लेकाचं बोट धरून मी यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसते. २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट झालं आहे, तेव्हा यांच्या कपाळावरची आठीसुद्धा अर्धीच पडते!

गावाच्या नावात ‘अरब’ आहे म्हणून वाळवंट डोळ्यांपुढे आणू नका. काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, बांधावर तूर, आणि गावाला लागून अडाण नदी. पावसाळ्यात हीच नदी रस्ता अडवून बसते. दिवाळीपर्यंत मात्र पाणी निवळतं, डोहांत संथ होतं, आणि मामांचा गळ बाहेर निघतो.

निघतो म्हणण्यापेक्षा निघायचा. दोन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं सुधारलं, उजवा हात राहिला. गळ डाव्या हाताने धरता येतो हो, पण मासा काठाशी आल्यावर दुसरा हात लागतो. पूर्वी मामा वाकून, कल्ल्यामागे घट्ट पकडून मरळ वर घ्यायचे. मरळ तुम्ही बाजारात बादलीत जिवंत पाहिला असेल. तो पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून बाहेरही बराच वेळ तग धरतो. अंग मात्र साबणाच्या वडीसारखं बुळबुळीत, आणि ताकद विचारू नका.

गेल्या वर्षी असाच एक मोठा मरळ काठाशी आला. माझ्या लेकाने, जेमतेम दहा वर्षांचं पोर ते, दोन्ही हातांनी धरला, आणि तो निसटला. मामा रागावले नाहीत, पण संध्याकाळभर बोललेही नाहीत. रात्री मामी मला हळूच म्हणाली, “मासा गेल्याचं नाही गं बाई, हात गेल्याचं दुःख आहे.”

म्हणून यंदा मी शहाणपणा केला. शहरातल्या दुकानातून दांड्याची हातजाळी आणली. ॲल्युमिनियमची, घडीची, निळ्या मुठीची. पिशवीत बसते, वजनाला हलकी, एका हाताने उचलता येते. मामांना एकच हात, तेव्हा जाळी लहान हवी, असा माझा हिशेब. पहिल्याच सकाळी मरळ लागला. डोकं जाळीत गेलं, शेपटी बाहेर. त्याने अंगाला एक पीळ दिला, गोल कडेवरून उलटला आणि पाण्यात. दांडा तेवढा वाकडा होऊन मामांच्या हातात राहिला.

मामा म्हणाले, “राहू दे आता. झालं माझं.”

हे ‘झालं माझं’ मला फार लागलं. ती वाकडी जाळी घेऊन मी सरळ बाजारात गेले. भोई समाजातल्या एक काकू तिथे मासे विकतात, घरी जाळीही विणतात. त्यांनी ती जाळी उलटीपालटी केली आणि मला विचारलं, “बांगडी भरतं तवा माप मनगटाचं घेतं का मुठीचं?”

“मुठीचं.”

“मंग? मासा काय सरळ काडीवानी येते का? थो वाकते, फिरते. त्याची मूठ पाह्य ना बाई!”

मी वजनाचं सांगितलं, मामांच्या हाताचं सांगितलं. त्यावर त्या हसल्या. “उचलाले कोन सांगतलं? दांडा धरून उचललं तं तुह्या धडधाकट हातातूनही पडन. वढत आनायचं काठावर.”

बघा, मी बीए झालेली बाई. पण जाळी उचलायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तोंड मोठं केलं की ती पाण्यात जड होते हे खरंच. पण वजन उचलायचंच नसेल, तर त्याची भीती कशाला? काकूंच्या सांगण्यावरून सगळं ठरलं. गोल लोखंडी सळईचा नाही, बांबूच्या चिवट कांबीचा. तोंड दीड फुटाहून थोडं जास्त. पिशवी दोन फूट खोल, म्हणजे मासा तळाशी गेला की वरचा भाग आपोआप दुमडतो आणि परतीची वाट बंद होते. उथळ जाळीतून तो उडी मारतो. भोकं दोन बोटं जातील एवढी: फार बारीक असली तर पाणी अडतं आणि जाळी हलत नाही, फार मोठी असली तर डोकं अडकून कल्ले फाटतात. दांडा मात्र हातभरच, कारण लांब दांडा एका हाताला पेलत नाही. पिशवी नायलॉनची, कारण सुती ओली झाली की जड.

माझी नणंद अमेरिकेत मिनेसोटाला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, इकडे मस्की नावाच्या माशासाठी हेच चालतं!” हा मस्की चार फुटांच्याही वर जातो, शेजारच्या विस्कॉन्सिनचा तर तो १९५५ पासून राज्यमासा आहे. (आपला पापलेट २०२३ साली झाला, तोही बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं जाऊन कमी होऊ लागल्यावर.) तिथले हौशी लोक मस्की बहुधा सोडून देतात. म्हणून जाळी एवढी मोठी घेतात, की मासा पाण्यातच आडवा राहील आणि गळ तिथल्या तिथे काढता येईल. लहान जाळीत तो दुमडतो, पर मोडतात, वरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि सोडलेला मासाही मग जगत नाही. आम्हाला सोडायचा नव्हता. मामीचा मसाला वाटून तयार होता!

चौथ्या दिवशी गळ माझ्या हाती आणि जाळी मामांच्या. लेकाला लांब उभं केलं. मरळ लागला तेव्हा मी ओरडलेच, पण मामा हलले नाहीत. काकूंनी बजावलं होतं, जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही. ती पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून आत आणायचा. शेपटीला जाळी लागली की तो उसळी मारतो. एकदा तो जाळी पाहून मागे फिरला. मी दोरी सैल सोडली, पुन्हा ओढली. दुसऱ्यांदा डोकं आत गेलं, मागोमाग सगळा मरळ. मामांनी दांडा सोडून कांबच धरली आणि चिखलावरून पाठीमागे सरकत, बसल्या बसल्या, जाळी ओढत आणली. काठावर येईपर्यंत आम्ही कुणी हात लावला नाही.

शिवणाच्या टेपने मोजला, बावीस इंच भरला. मामा चिखलाने माखले होते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून दाखवत होते. मामीने दोनदा बोलावलं तरी घरात येईनात.

ती निळ्या मुठीची जाळी मामीने ठेवून घेतली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगून तिच्यात लसूण ठेवते. लसणाला तिचं माप अगदी बरोबर आहे.