शेंदूर, गेरू आणि बेळ्ळंदूरची हवा

जे हलतं त्याला सॅल्यूट ठोका, जे हलत नाही त्याला रंग लावा, हा फौजेतला जुना विनोद निवृत्त मंडळींना सांगायला नको. इन्स्पेक्शन आलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागलाच. पण रंग लोखंडाला वाचवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला बेळ्ळंदूरच्या पोस्टिंगमध्ये कळलं.

बेळ्ळंदूर तलावाच्या काठाला लष्कराची हद्द लागते. १९ जानेवारी २०१८ ला तिथे आग लागली तेव्हा सुमारे ५,००० जवान विझवायला उतरले होते. ते बातम्यांत आलं. रोजची हवा बातम्यांत येत नाही. शहराचं सांडपाणी त्या पाण्यात सडतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्यानं चांदी काळवंडते, तांब्याची तार काळी पडते.

आमच्या गाड्यांच्या शेडचे खांब रंगवायला एक सिव्हिलियन रंगारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. जवसाच्या तेलात ते एक केशरी पूड कालवायचे आणि काठीनं सतत ढवळत राहायचे, कारण ती पाण्याच्या आठपटीहून जड, लगेच तळाशी बसते. कारखान्यातल्या रंगात पूड अशी बसू नये म्हणून वेगळी द्रव्यं घालतात. त्यांत साबणाच्या जातीचीही असतात, म्हणून फेस मारणारं आणखी एक द्रव्य लागतं. तलावावर फेसाचे डोंगर उभे करणारी मंडळीही त्याच जातीची!

ती पूड हातात घेतली आणि ओळख पटली. हा तर शेंदूर! आमच्या गावच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तोच, शिशाचा ऑक्साइड. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा साचलेला शेंदूर २०२२ साली उतरवला, तेव्हा खालचं कोरीव रूप दिसलं. लोखंडावर शेंदूर नुसता झाकण बनत नाही. तेलातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन शिशाचे साबण बनतात आणि ते गंजाची क्रियाच रोखतात. गेरूला हे जमत नाही. तो लोहाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच भाऊ. तो आडोसा देतो, बस्स. रेड ऑक्साइड प्रायमरमधलं मुख्य रंगद्रव्य हेच.

बेळ्ळंदूरमध्ये मात्र शेंदराची पंचाईत होते. वरचा रंग देण्याआधी खांब महिनाभर उघडे राहिले आणि काळपट पडले, कारण शिसं आणि तो वायू मिळून काळा सल्फाइड बनतो. पण माझी खरी काळजी वेगळी होती. जुना थर काढायला कोवळी पोरं कोरडा पॉलिश पेपर घासत होती, नाकावर साधा रुमालही नाही. अण्णा तर केशरी बोटांनीच बिडी पेटवायचे. त्यांच्या मनगटातला जोर गेला होता, कप उचलताना हात लटकायचा. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लिहून दिलं.

घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कारखानी आणि लोखंडी कामाचे रंग त्यातून सुटलेत. मला हे पटत नाही. खांब कारखान्याचा असेल, फुप्फुस तर माणसाचंच ना?

मी पाणी मारून घासायला लावलं, मास्क मागवले, चहाआधी हात धुणं सक्तीचं केलं. मग झिंक फॉस्फेटच्या प्रायमरचा इंडेंट टाकला. हा फॉस्फेट पाण्यात अगदी सावकाश विरघळतो आणि लोखंडावर पातळ पापुद्रा धरतो. गंमत बघा, सांडपाण्यातल्या फॉस्फेटवर तलावातली जलपर्णी माजते आणि डब्यातला फॉस्फेट खांब राखतो.

डबे आले ते साध्या रेड ऑक्साइडचे. स्टोअरवाला म्हणाला, "साहेब, रंग तोच आहे की." सगळे परत पाठवले. दुसरी खेप यायला सात आठवडे लागले. तोवर ब्रश बंद ठेवले आणि अण्णांना नंबर प्लेट लिहायच्या कामावर बसवलं. त्यांना ते आवडलं नाही.