मी दिलेला सल्ला

मैत्रिणींनो, सल्ला द्यायची आपल्याला भारी हौस! शेजारणीला खोकला झाला की काढा सांगायचा, कुणाचे गुडघे दुखले की तेल. मीही त्यातलीच. त्यात बी.ए. झालेली, नांदेडच्या एका शाळेत अर्धा दिवस शिकवणारी, म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन. ते वजन एकदा कसं अंगाशी आलं, तेच आज सांगते.

माझ्या थोरल्या नणंदबाई लातूरला असतात. त्यांना बरीच वर्षं सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे आणि वर चंदेरी पापुद्रे. आपली कातडी साधारण महिन्याभरात नवी होते. या रोगात तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं आणि थर साचत जातात. हा रोग स्पर्शाने मुळीच पसरत नाही. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका त्यांच्या हातून वाण घेताना बोटं आखडत्या घेत. वन्सं काही बोलत नसत, लांब बाह्यांचं पोलकं घालत.

गेल्या वर्षी त्यांच्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्व दिलं. "विचारल्याशिवाय बंद करू नका," असंही बजावलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी एस.टी.ने भेटायला गेले. वन्सं म्हणाल्या, "अगं, या गोळ्यांनी पोट जड होतंय." मी लगेच म्हटलं, "मग कशाला घेता? एवढ्या कॅल्शियमने मुतखडा होतो म्हणे. त्यापेक्षा दूध प्या, तिळाची चटणी खा." त्यांनी माझं ऐकलं.

थोड्याच दिवसांत त्यांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. मग हातापायांत पेटके. सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा असेल. आणि एका रात्री सणसणून ताप चढला, अंग लालबुंद झालं, त्यावर पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठल्या. दवाखान्यात रक्त तपासलं. १०० मिलिलिटर रक्तात कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावं लागतं, वन्संचं ६.४ निघालं.

"गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" डॉक्टरांनी विचारलं. मी कॉटजवळच उभी होते. वन्संनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मीच विसरले हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही डॉक्टर, मी सांगितलं," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत, समजावून सांगितलं. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं, आणि तेव्हा नुसत्या दूध-तिळावर भागत नाही. कातडीच्या पेशी नीट पक्व व्हायलाही कॅल्शियम लागतं. ते फार उतरलं की सोरायसिस असा पुटकुळ्यांच्या रूपात भडकू शकतो. हे क्वचित घडतं, पण जिवावर बेतू शकतं. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर मुंग्या थांबल्या, आणि हळूहळू कातडीही निवली.

आता कुणी म्हणेल, मग सोरायसिसवर कॅल्शियमच्या गोळ्याच घ्याव्यात की! तसं नाही हं. साध्या सोरायसिसमध्ये बहुतेकींचं कॅल्शियम ठीकच असतं. गोळ्यांनी चट्टे जात नाहीत. १९८५ साली जपानमध्ये हाडांसाठी ड जीवनसत्त्वाचं औषध घेणाऱ्या एका रुग्णाचे चट्टे अचानक ओसरले. पुढे त्याच जातीचं कॅल्सिपोट्रिऑल हे मलम आलं. पण तेही आठवड्याला १०० ग्रॅमपेक्षा जास्त चोपडलं तर रक्तातलं कॅल्शियम वाजवीपेक्षा वाढू शकतं. म्हणजे कमीही नको, जास्तही नको, भाजीतल्या मिठासारखंच.

तेव्हा मैत्रिणींनो, गळ्याच्या ऑपरेशननंतर मुंग्या, पेटके आले तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गोळ्या सोसत नसतील तर त्यांनाच विचारा, माझ्यासारख्या शहाणीला नव्हे!

यंदाच्या संक्रांतीला मी मुद्दाम लातूरला गेले. चारचौघींत वन्संचा हात हातात घेऊन हळदीकुंकू लावलं, आणि त्यांच्या हातून ओंजळ भरून वाण घेतलं. माझ्यामागच्या बाईनेही मग हात पुढे केला. वन्सं हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय गं, आज काही सल्ला नाही का?"