आधी पाय, मग कातडं

कोल्हापुरात सुभाषनगरातल्या आमच्या घरी चपलेचं काम वाटून दिलेलं होतं. तळ कापायचा, रापीनं कातडं छिलायचं ते आजोबांनी आणि आप्पांनी. वेण्या विणायच्या त्या आईनं आणि काकूनं. शाळेतून आल्यावर पट्ट्यांना भोकं पाडायचं काम माझं. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असे. तो वास कपड्यांना राही. त्या वासापायी वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवलं जाई, ते मी विसरलेले नाही.

आजोबा गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवत आणि चवडा हातानं दाबून बघत. मला म्हणत, "पोरी, आधी पाय बघ. कातडं मग." कोणाची कमान बसलेली, कोणाचा उजवा पाय डाव्याहून रुंद, हे त्यांच्या बोटांना कळे. खिळा एकही नाही, सगळी शिवण चामड्याच्याच वादीची.

नोएडात फुटवेअर डिझाइन शिकले आणि कर्ज काढून मिलानला गेले. शिकायला मी चित्रांची वही भरून नेली होती. ती कोणी मागितलीच नाही. हातात आलं ते कलबूत: टाचेची उंची, चवड्याचा घेर, बोटांचा उठाव, सगळं ज्यात ठरलेलं असतं असा पायाचा साचा. कोल्हापुरीला कलबूत लागत नाही, म्हणून माझ्यासाठी हे सगळं नवं होतं. कलबुतावर कागदी टेप घट्ट चिकटवायची, टेपवर बुटाच्या रेघा काढायच्या, मग ती सोलून सपाट कागदावर बसवायची. गोल पृष्ठभाग सपाट होताना कुठेतरी सुरकुती पडते. ती कुठे पडू द्यायची आणि कुठे नाही, हीच खरी विद्या. वरचं कातडं खाली ओढून घ्यायला कडेला मार्जिन सोडावं लागतं. ते कमी पडलं की महागातलं चामडंही वाया जातं. युरोपातल्या मापात एका नंबरानं बूट साडेसहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्यामुळे मिलिमीटरची हयगय तिथे चालत नाही.

फ्लॉरेन्सला बूटकार साल्वातोरे फेरागामोचं संग्रहालय आहे. बोनितो या खेड्यात 1898 साली जन्मलेला, चौदा भावंडांतला हा मुलगा लहानपणीच चांभाराच्या हाताखाली बसला. पुढे अमेरिकेत नावाजला तरी बूट पायाला का बोचतात हे कळावं म्हणून शरीररचना शिकला. उभ्या माणसाचा भार कमानीवर येतो हे हेरून त्यानं बुटाच्या कमानीला पोलादी पट्टीचा आधार दिला. नामवंत गिऱ्हाइकांच्या पायांची लाकडी कलबुतं त्यानं जपून ठेवली. ती पाहताना आजोबांच्या कागदांचा गठ्ठा आठवला. आजोबांनाही हीच विद्या येत होती. त्यांच्या कामाला किंमत तेवढी मिळाली नाही.

आज मी उंच टाचांचे बूट करते. महागडा बूट कातड्यानं किंवा नावानं महाग होत नाही, पायावर खर्च केलेल्या वेळानं होतो, हे माझं ठाम मत आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. नावाला संरक्षण आलं. आता हाताला द्या. कोल्हापुरी घ्यायला जाल तेव्हा नुसता नंबर सांगू नका. कारागिरासमोर कागदावर उभे राहा, त्याला माप घेऊ द्या आणि त्या मापाचे पैसे द्या.