टीव्हीला कॉम्प्युटर दिसत नाही

"अगं, परवापर्यंत चालत होतं." घरोघरी जाऊन कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करताना हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. आतल्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर वर्षानुवर्षं साठवलेले सिनेमे, गाणी, बारशा-मुंजींचे व्हिडिओ. हॉलमध्ये टीव्हीखाली मीडिया प्लेअरची पेटी. दोन्ही एकाच घरात, एकाच इंटरनेटवर, आणि तरी टीव्हीवर फोल्डरांच्या जागी रिकामी चौकट. मी पोहोचेपर्यंत घरच्यांनी दोन्ही यंत्रं बंद-चालू केलेली असतात, राउटरचा प्लगही काढून घातलेला असतो.

मग मी विचारते, मध्यंतरी काय बदललं? "काही नाही गं." हे उत्तर अगदी प्रामाणिक असतं. फायबरवाल्याने येऊन जुना राउटर नेला आणि नवा लावला, हा लोकांच्या लेखी कॉम्प्युटरमधला बदल नसतोच. विंडोजचं मोठं अपडेट आलं, तोही नाही. मुलाने दिवाळीला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला आणि जुन्यावरचं सगळं त्यावर टाकलं, तर तो "तसाच, फक्त नवा" असतो. माझ्या अनुभवात बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकात सापडतं. म्हणून चहा येईपर्यंत मी कॉम्प्युटरला हातही लावत नाही, नुसती चौकशी करते.

"दिसत नाही" या तक्रारीच्या पोटात तीन वेगळे आजार असतात, आणि ते वेगळे ओळखणं हेच या कामातलं खरं कसब आहे असं मला वाटतं. एक, कॉम्प्युटर यादीत दिसत नाही. दोन, तिथवर पोहोचता येत नाही. तीन, पोहोचतो पण तो आत घेत नाही. औषध एकाचं आणि आजार दुसराच असला की माणूस संध्याकाळभर सेटिंग्ज उलटसुलट करत बसतो आणि शेवटी नेमकं काय केलं हे त्यालाही सांगता येत नाही.

यादीत न दिसणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ आजार. नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांची यादी तयार करण्याची जुनी पद्धत वेगळी होती, नवी वेगळी आहे. जुनी पेटी जुन्या पद्धतीने हाका मारते, नवं विंडोज नव्या पद्धतीने ओ देतं, आणि दोघांची गाठ पडत नाही. पण सोसायटीच्या गेटवरच्या बोर्डावर नाव नसलं म्हणून माणूस तिथे राहत नाही असं थोडंच असतं? फ्लॅट नंबर माहीत असेल तर सरळ वर जायचं. इथे तो नंबर म्हणजे आयपी पत्ता: १९२.१६८.१.२० असं काहीतरी. बहुतेक पेट्यांमध्ये पत्ता हाताने टाकायची सोय असते. तो टाकला आणि फोल्डर उघडले, तर यादीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फक्त राउटरमध्ये जाऊन तो पत्ता त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवायचा. नाहीतर राउटर कधीतरी दुसराच पत्ता देतो आणि पुन्हा फोन येतो, "परवापर्यंत चालत होतं."

पोहोचता न येणं हा आजार मात्र मुरलेला असतो. नवा राउटर लागला की विंडोजच्या दृष्टीने ते नवं, अनोळखी नेटवर्क असतं. अनोळखी नेटवर्कला ते सार्वजनिक समजतं, रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं वागवतं आणि बाहेरून येणारं सगळं अडवतं. हे वागणं बरोबरच आहे. हे घरचं नेटवर्क आहे, खासगी आहे, एवढं त्याला सांगायचं की काम झालं. सेटिंगमधलं एक बटण, पण ते माहीत नसल्यामुळे लोक फायरवॉल बंद करून मोकळे होतात.

दुसरं कारण त्याहून लबाड. फायबर कंपनीची पेटी दाराजवळ असते, तिचं वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून लोक आपला एक राउटर आणून तिला जोडतात. आता एका घरात दोन नेटवर्कं झाली. कंपनीची पेटी १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटते, घरचा राउटर १९२.१६८.० चे. टीव्हीखालचा प्लेअर वायरने कंपनीच्या पेटीला, कॉम्प्युटर आतल्या राउटरच्या वायफायवर. इंटरनेट दोघांनाही झकास, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण आतल्या राउटरचं कामच मुळी बाहेरच्याला आत येऊ न देणं हे आहे, आणि त्याच्या लेखी टीव्हीखालची पेटी बाहेरची. हीच मांडणी उलटी असती, प्लेअर आत आणि कॉम्प्युटर बाहेर, तर पत्ता टाकून गाणी वाजली असती. म्हणून मी दोन्ही यंत्रांचे पत्ते कागदावर एकाखाली एक लिहिते. तिसरा आकडा वेगळा दिसला की बहुधा निदान झालं. आतल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करून टाकायचं: त्याने फक्त वायफाय द्यावं, पत्ते वाटू नयेत.

निदानासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे माझा मोबाइल. त्यावर नेटवर्कवरचे फोल्डर उघडणारं एक ॲप आहे. भांडण दोन यंत्रांचं असतं, तिथे तिसरा साक्षीदार लागतो. पेटी ज्या नेटवर्कवर आहे त्याच नेटवर्कच्या वायफायवर मोबाइल घेऊन कॉम्प्युटरचा पत्ता टाकायचा. मोबाइललाही जाता आलं नाही, तर दोष कॉम्प्युटरकडे किंवा वाटेत. मोबाइल आत गेला आणि पेटी गेली नाही, तर दोष पेटीकडे किंवा तिच्या आणि कॉम्प्युटरच्या बोलण्याच्या पद्धतीत. पुष्कळजण नुसतं पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, बघतात. पण विंडोजचा फायरवॉल पिंगला अनेकदा उत्तरच देत नाही, म्हणून पिंगच्या मौनावरून निकाल देऊ नये. फाइली द्यायचं काम ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं, तो उघडा आहे का ते पाहावं.

आत न घेणं. इथे घरातले सगळ्यात जास्त वैतागतात, कारण पासवर्ड "बरोबर" असतो. रोज सकाळी जो चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडतो, तोच ते पेटीत टाकतात. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. लागतो तो मूळ खात्याचा, म्हणजे बहुधा ईमेलचा, पासवर्ड, आणि तो खातं उघडल्यानंतर कुणी कधी टाकलेलाच नसतो. मी तो शोधायच्या भानगडीत पडत नाही. माणसाचा ईमेलचा पासवर्ड टीव्हीखालच्या पेटीत साठवायचाच कशाला? कॉम्प्युटरवर फक्त पेटीसाठी एक वेगळं साधं खातं काढते आणि त्याला गाण्या-सिनेमांच्या फोल्डरवर वाचण्यापुरताच हक्क देते. हा हक्क दोन ठिकाणी द्यावा लागतो, शेअरच्या यादीत आणि फोल्डरच्या सिक्युरिटीच्या यादीत. दोन्हींत जो कडक असेल तो चालतो. एकाच ठिकाणी देऊन लोक थांबतात आणि फोल्डर दिसतो पण उघडत नाही. पासवर्ड लांब ठेवते, पण सगळी लहान अक्षरं. रिमोटच्या बाणांनी पडद्यावरचं एकेक अक्षर निवडत जाणाऱ्या माणसाला ॲट-द-रेट आणि डॉलरची चिन्हं हुडकायला लावणं हा अन्याय आहे.

मागे सांगलीत एका निवृत्त शिक्षकांकडे काम होतं. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. आकाशवाणीवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं असा मोठा ठेवा त्यांनी कॅसेटींवरून कॉम्प्युटरवर उतरवलेला. नाटकाप्रमाणे फोल्डर, प्रत्येक पदाच्या फाइलच्या नावात पद, गायक, राग, ताल, मुद्रणाची तारीख, सगळं देवनागरीत. कॉम्प्युटर नवा आला आणि पेटीवरचं सगळं गेलं. माझ्याआधी येऊन गेलेल्या एकाने ते "चालू करून दिलं" होतं. कसं, तर फायरवॉल बंद, फोल्डरवर सगळ्यांना सगळे हक्क, आणि विंडोजमधून काढून टाकलेली एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा बसवलेली. ही तिसरी गोष्ट पाहून मी अस्वस्थ झाले, आणि का झाले ते सरांना तिथेच बसून सविस्तर सांगितलं.

नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची ही एसएमबी नावाची पद्धत आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मली. एका कार्यालयातले मोजके कॉम्प्युटर, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, असा तो काळ. पुढे विंडोजने ती आपलीशी केली. १९९१-९२मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने ती बाहेरून अभ्यासून सांबा हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच्यामुळे लिनक्सवर चालणारी यंत्रं विंडोजशी बोलायला शिकली, आणि पुढे टीव्हीखालच्या कितीतरी पेट्याही. हे काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांवर त्या माणसाचे उपकार आहेत. विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबीची दुसरी आवृत्ती आली, तरी पेट्या बरीच वर्षं पहिलीच बोलत राहिल्या. मग २०१७ उजाडलं. या पहिल्या आवृत्तीतल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये उपाय दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्या यंत्रांत १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस शिरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं काम ठप्प झालं. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्याच्या हत्यारांतही हाच दोष होता, आणि त्या तडाख्यात आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १०मध्ये पहिल्या आवृत्तीने फाइली देण्याची सोय उरली नाही. सरांच्या पेटीचा आवाज बंद झाला तो यामुळे. जुना कॉम्प्युटर जुनी बोली बोलत होता, नव्याने ती सोडली होती.

त्या पहिल्या कारागिराने काढून टाकलेला दरवाजा परत बसवला, आणि त्यामागे सरांचा आयुष्यभराचा ठेवा, पुसायच्या हक्कासकट, घरातल्या कुठल्याही यंत्रासाठी उघडा ठेवला. घरात पाहुण्यांचे मोबाइल येतात, नातवाचा लॅपटॉप येतो. यातल्या एकात जरी काही शिरलेलं असेल, तर कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं एका दुपारी जाईल. आणि त्यातल्या कित्येक कॅसेटी आता वाजतही नाहीत.

मी ते सगळं काढलं. सरांच्या मुलाने एक लहान स्टोरेजची पेटी घेऊन दिली, जिला दुकानदार नॅस म्हणतात. गाणी तिच्यावर ठेवली. कॉम्प्युटर तिच्याशी एसएमबीच्या नव्या आवृत्तीने बोलतो, नाव आणि पासवर्डासह. पासवर्डाशिवाय, गेस्ट म्हणून ठेवलं तर विंडोज ११ प्रोची २०२४मधली आवृत्ती स्वतःच तिकडे जायला नकार देते. टीव्हीखालच्या जुन्या पेटीला मात्र डीएलएनए या पद्धतीने गाणी मिळतात. यात नॅस यादी पुढे करतं, पेटी त्यातलं मागते आणि वाजवते. पुसायचं किंवा बदलायचं काही तिच्या हातात राहत नाही. पासवर्डही नसतो, म्हणून त्या यादीत फक्त गाण्यांचा फोल्डर घातला, बँकेची कागदपत्रं असलेला नाही.

गाणी नॅसवर टाकताना काही फाइली जाईनात. डिस्कवर जागा होती, हक्क होते, शेजारच्या फाइली गेल्या होत्या. अडकणाऱ्या सगळ्यांची नावं लांबलचक होती. विंडोजमध्ये फाइलच्या नावाला २५५ चिन्हं चालतात. नॅसच्या आत लिनक्स असतं, तिथे मर्यादा २५५ बाइटची. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'नाट्यसंगीत' एवढ्या एका शब्दाला तीस बाइट लागतात. म्हणजे मराठी नावाला उरली पंच्याऐंशी चिन्हं, त्यात सरांचे राग-ताल-तारीख कुठून मावणार! नावं रोमनमध्ये करू या, असं मी सुचवलं नाही. तारीख आणि ताल फाइलच्या आतल्या माहितीत हलवले, पद आणि गायक नावात ठेवले. सर शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवत होते, आणि मध्येच एखादं पद गुणगुणून कोणत्या वर्षीचं ते सांगत होते. पेटीच्या पडद्यावर जोडाक्षरं तुटून दिसतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. सरांनी शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलेलं, ते पाहून त्यांना किती त्रास होत असेल! नव्या पेटीपर्यंत चालवून घेऊ, म्हणाले.

अडखळत चालणाऱ्या सिनेमाबद्दल फार सांगत नाही: वायर टाका. सोसायटीत जुन्या वायफायला एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, त्यावर शेजारपाजारचे सगळे राउटर दाटीवाटीने बोलत असतात. शंभर मेगाबिटची जुनी वायरही ब्ल्यू-रे डिस्कच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट वेग देते.

तुमच्याकडे कुणी हे काम करायला येईल, तेव्हा तो उठायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा. फायरवॉल चालू आहे ना? एसएमबीची पहिली आवृत्ती बंद आहे ना? शेअर केलेल्या फोल्डरमधलं पुसायचा हक्क कुणाकुणाला आहे? ही उत्तरं, कॉम्प्युटरचा आयपी पत्ता आणि पेटीसाठी काढलेल्या खात्याचं नाव एका कागदावर त्याच्याकडूनच लिहून घ्या, आणि कागद राउटरच्या मागे चिकटवा. आणि त्या फोल्डरची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा, जी एरवी कशालाही जोडलेली नसते. सरांच्या गाण्यांची ती प्रत त्यांच्या मुलीकडे मिरजेला आहे.